खेळाडू ते सायकोथेरपिस्ट : हा रस्ता कुणी चाललंय का?

दुर्वा_ठाणे | ३ ऑगस्ट, रात्री १०.१५

बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचा होता. आज लिहूनच टाकते.

मी ठाण्याची, वय ३१. नवव्या वर्षापासून खो-खो खेळले. वर्तकनगरच्या शाळेच्या मैदानावर सुरुवात, मग जिल्हा, राज्य आणि एकदा सीनियर नॅशनल. पळती हा माझा खरा खेळ. पहिल्या तुकडीत उतरायचे आणि दोन मिनिटं काढली की बाहेरच्या मुली टाळ्यांचा ठेका धरायच्या. २२व्या वर्षी एका निवड चाचणीत एकेरी साखळी (बसलेल्यांमधून नागमोडी पळणं) खेळताना डावा पाय रोवून वळले आणि गुडघ्यात फट् असा आवाज झाला. आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध, तुटलं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यापासून गुडघा सुजलेला होता. मी तसं सांगितलंही होतं. 'बर्फ लाव आणि उद्या ये,' एवढंच उत्तर मिळालं.

ऑपरेशन झालं, नऊ महिने फिजिओ झाली, पाय बरा झाला. मी नाही झाले. संध्याकाळचे पाच वाजले की अंगात काहीतरी उठायचं आणि जायला जागाच नसायची. आई पेपरातलं खेळाचं पान काढून बाकीचा पेपर माझ्यापुढे ठेवायची. घरातल्या ट्रॉफ्या मी स्वतःच गोणीत भरून माळ्यावर टाकल्या. दीड वर्ष असं गेल्यावर मैत्रीण मला ओढत एका थेरपिस्टकडे घेऊन गेली. चौथ्या भेटीत त्या बाईंनी विचारलं, "खेळ गेला असं वाटतं, की दुर्वाच गेली असं वाटतं?" त्या दिवशी मी पाऊण तास फक्त रडले आणि त्यांनी मला रडू दिलं. तोवर सगळ्यांनी मला 'रडू नकोस, तू खेळाडू आहेस' असंच सांगितलं होतं.

आता वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत डिस्पॅच सांभाळते. बी.ए.ला मानसशास्त्र होतं, कारण खेळाच्या कोट्यातून तिथेच जागा मिळाली. खरं सांगते, तेव्हा लेक्चरपेक्षा कॅम्पमध्येच जास्त असायचे. आता मात्र एम.ए. करून थेरपिस्ट व्हायचं, हे दोन वर्षं डोक्यातून जात नाही. घरी बाबा म्हणतात, 'एकदा मनासारखं केलंस, काय झालं ते पाहिलं.'

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रत्यक्षात हा रस्ता कसा असतो? आणि मैदानातली तेरा वर्षं थेरपीच्या खोलीत उपयोगी पडतात की आड येतात?

उपवनकर | ३ ऑगस्ट, रात्री १०.४०

३१ म्हणजे काहीच वय नाही. वाचतोय. जाणकारांनी लिहा.

घोडबंदरवाला | ३ ऑगस्ट, रात्री ११.२०

दुर्वा, राग मानू नकोस, मोठा भाऊ म्हणून लिहितो. मी व्हॉलीबॉल खेळलोय, विद्यापीठापर्यंत. आमच्या वेळी हरलो की मैदानाला दहा फेऱ्या जास्त मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. खेळाडूला थेरपिस्ट लागतो हेच मला पचत नाही. खेळ माणसाला कणखर करतो ना, मग त्याच माणसाला बोलायला पैसे देऊन कुणीतरी का लागावं? हातची नोकरी आहे, ती सोडू नकोस. आवड म्हणून शनिवार-रविवार मुलांना शिकव.

कॅरमची_राणी | ३ ऑगस्ट, रात्री ११.३५

फेऱ्या मारून मनं बरी होत असती तर तलावपाळीला रोज सकाळी इतकी गर्दी झालीच नसती हो. एका आठवड्यात सगळे बरे होऊन घरी झोपले असते. :)

तळाची_काळी_रेघ | ४ ऑगस्ट, सकाळी ६.०५

दुर्वा, मी चाललेय हा रस्ता, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पोहायचे. ब्रेस्टस्ट्रोक, १०० आणि २०० मीटर. पहाटे साडेचारला बाबा उठवायचे. पाच ते सात पाण्यात, मग शाळा, मग पुन्हा दोन तास पाण्यात. आयडी तिथूनच आलाय. प्रत्येक लेनच्या तळाशी एक काळी रेघ असते, माझं सगळं लहानपण त्या रेघेकडे बघण्यात गेलं. एकोणिसाव्या वर्षी २०० मीटरची वेळ थांबली. दीड वर्ष घासूनही कमी होईना. दुखापत झाली नाही, कुणाशी भांडण झालं नाही, वेळ तेवढी थांबली आणि एका सोमवारी मी उठलेच नाही. तुझ्याकडे लोकांना दाखवायला गुडघा तरी होता. मला सगळे विचारायचे, 'का सोडलंस?' आणि सांगण्यासारखं काही नसायचं.

पुढची आठ वर्षं औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसले. २९व्या वर्षी कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, एम.ए.ला प्रवेश घेतला. वर्गात बाकी सगळी एकवीस-बावीसची मुलं. त्यानंतर दोन वर्षं एका रुग्णालयाच्या ओपीडीत. पहिले कितीतरी महिने कोपऱ्यात बसून फक्त ऐकायचं आणि टिपणं काढायची. मग स्वतःचे क्लायंट, पण प्रत्येक केस वरिष्ठांपुढे मांडायची. याला सुपरव्हिजन म्हणतात आणि ते कधीच संपत नाही, आज मी ४४ची आहे तरी महिन्यातून दोनदा जाते. शिवाय स्वतःची थेरपी. तीही मी तीन वर्षं घेतली. पैशांचं म्हणशील तर सुरुवातीची तीन-चार वर्षं संध्याकाळी लहान मुलांना पोहायला शिकवून भागवलं. हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता तुझा दुसरा प्रश्न. माझ्या बाबतीत दोन्ही झालं, उपयोगही आणि आडकाठीही, आणि आडकाठी आधी झाली.

सुरुवातीच्या क्लायंटांपैकी एक जण महिनोन्‌महिने घराबाहेर पडलेला नव्हता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मी त्याला छोटे टप्पे आखून दिले. या आठवड्यात जिन्यापर्यंत, पुढच्या आठवड्यात गेटपर्यंत. तो करत गेला. मी वहीत रकाने आखले, 'अजून थोडं, अजून थोडं' करत राहिले. मला वाटलं, काय सुंदर चाललंय. सातव्या आठवड्यात तो आलाच नाही, नंतरही नाही. मी रकाने घेऊन सुपरव्हिजनला गेले. सरांनी वही मिटली आणि म्हणाले, "तो पाण्यात आहे आणि तू काठावर घड्याळ घेऊन उभी आहेस." मला घशाशी आलं. माझ्याशी दहा वर्षं जे झालं होतं, तेच मी त्याच्याशी करत होते. तो बुडत होता आणि मी त्याची वेळ लावत होते.

टप्पे आखणं चूक नव्हतं, ती पद्धत मी आजही वापरते. पण टप्पा चुकला तर बाईंना वाईट वाटेल, अशी भीती त्याला माझ्यापुढे वाटत होती आणि मला ती दिसली नाही. ते दिसायला लागायला मला दोन वर्षं लागली.

उपयोग कशाचा झाला? श्वासाचा. माणूस महत्त्वाचं काही बोलणार असला की त्याआधी त्याचा श्वास बदलतो. पोहणाऱ्याला ते कळतं. आणि रोज तेच तेच करण्याचा कंटाळा येत नाही, कारण थेरपीतही माणूस त्याच भिंतीशी पुन्हा पुन्हा येतो, वळतो, परत जातो. याला वेळ लागतो हे मला कुणी समजवावं लागलं नाही.

घोडबंदरवाला, कणखरपणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनापासून लिहिलंत, म्हणून सांगते. कणखर माणसं माझ्याकडे सगळ्यात उशिरा येतात. तोपर्यंत झोप गेलेली असते, घर मोडायला आलेलं असतं. 'सहन कर' हे त्यांना इतकं छान जमतं की 'पुरे' म्हणायला कुणी शिकवलेलंच नसतं.

डॉ_सानपाडा | ४ ऑगस्ट, दुपारी १.१०

काळी रेघ यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मी फक्त शब्दांचा घोळ सोडवतो, कारण प्रवेश घेण्याआधी तो कळायला हवा.

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर, औषधं तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; ही परिषद १९९२च्या कायद्याने आली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या याच पात्रतेवर बेतलेली आहे. काउन्सेलर आणि सायकोथेरपिस्ट या शब्दांना मात्र आपल्याकडे असा वेगळा परवाना नव्हता, त्यामुळे आठवड्याचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत आणि वीस वर्षं तावून सुलाखून निघालेलेही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञही येतात. म्हणजे पुढे नियम घट्ट होणार. यूजीसीने २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने शिकवायला मनाई केली, तेही याच दिशेने. तेव्हा दुर्वा, एम.ए. करायचं तर नियमित कर, आणि ज्यात प्रत्यक्ष रुग्णांसोबत, देखरेखीखाली काम करायला मिळेल तिथेच कर.

आणखी एक. तू ठाण्यात आहेस हे भाग्य समज. प्रादेशिक मनोरुग्णालय इथे १९०१पासून आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये इथेच आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली. मनाच्या आजाराबद्दल मराठीत, घरातल्या भाषेत बोलायची सवय या शहराला बरीच आधी लागली.

उपवनकर | ४ ऑगस्ट, दुपारी १.३०

+१. माझी आई नौपाड्यातल्या तिच्या भिशीत 'विवेकनिष्ठ विचार' वगैरे सहज बोलते, ते या शहरामुळेच. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५मध्ये न्यूयॉर्कला मांडलेली ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती साठ-सत्तर वर्षांनी ठाण्यातल्या भिशीत चहाबरोबर निघते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चेंडूफळी | ४ ऑगस्ट, रात्री ९.५०

खेळाडू ते थेरपिस्ट म्हटल्यावर माइक ब्रिअर्लीचं नाव अजून कसं नाही आलं? इंग्लंडचा कर्णधार. ३९ कसोटी, सरासरी तेवीसच्याही खाली, शतक एकही नाही. पण कर्णधार म्हणून ३१ कसोट्यांत १८ जिंकल्या आणि फक्त ४ हरला. क्रिकेटमध्ये पूर्णवेळ रमण्याआधी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचा. क्रिकेट सुटल्यावर रीतसर मनोविश्लेषक झाला आणि २००८ ते २०१० ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेचा अध्यक्षही होता.

१९८१ची अॅशेस आठवा. बॉथम लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शून्यावर बाद, कर्णधारपद सोडलेलं, माणूस पार खचलेला. ब्रिअर्लीला परत बोलावलं. पुढच्याच कसोटीत हेडिंग्लेला फॉलोऑन मिळाल्यावर बॉथम नाबाद १४९, मग विलिसचे ४३ धावांत ८ बळी, आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. माणसाला कधी डिवचायचं आणि कधी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, हे त्याला कळायचं. ऑस्ट्रेलियाच्या रॉडनी हॉगने म्हटलंच होतं की याच्याकडे माणसांची पदवी आहे.

मामलेदार_तिखट | ४ ऑगस्ट, रात्री १०.०५

अवांतर : ब्रिअर्ली आपल्याकडचा जावई आहे, बायको अहमदाबादच्या साराभाई घराण्यातली. आणि फेब्रुवारी १९८०ची वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी माझ्या वडिलांनी स्टेडियममध्ये बसून पाहिली, इंग्लंडचा कर्णधार तोच. बॉथमचं शतक आणि १३ बळी एकाच सामन्यात! पण वडील सांगतात ती गोष्ट वेगळीच. पंचांनी बॉब टेलरला बाद दिलं होतं, आपल्या विश्वनाथने त्याला परत बोलावलं. आपण सामना हरलो, पण वडिलांचा विश्वनाथबद्दलचा अभिमान अजून तसाच आहे.

चेंडूफळी | ४ ऑगस्ट, रात्री १०.१२

वडिलांना नमस्कार सांगा. यावर वेगळा धागा काढा, मी पहिला हजर.

सई_घणसोली | ५ ऑगस्ट, सकाळी ११.३०

मी दुसऱ्या खुर्चीतून लिहिते. मी क्लायंट आहे, होते. बाळंतपणानंतर मला खूप त्रास झाला तेव्हा ज्यांच्याकडे गेले, त्या पूर्वी धावपटू होत्या. चांगल्या होत्या, वेळेच्या पक्क्या. पण माझं प्रत्येक दुःख त्यांच्याकडे गेलं की मॅरेथॉन व्हायचं. 'बत्तीस किलोमीटरनंतर सगळ्यांनाच वाटतं की संपलं, पण...' मला बाळ झालं होतं हो, शर्यत नव्हती ती. ती संपणारही नव्हती. पाच भेटींनंतर मी बदललं. दुसऱ्या थेरपिस्ट कधी कॅरमही खेळल्या नसतील, त्यांच्याकडे बरी झाले.

म्हणून दुर्वा, 'मी हे भोगलंय म्हणून मी हे काम करू शकते' यावर माझा विश्वास नाही. तुझ्या गुडघ्याची गोष्ट फार खरी आहे. पण समोरच्या बाईला तिची गरज नसेल तेव्हा ती तुला खिशात ठेवता येईल का? मला त्या वेळी माझ्या थेरपिस्टची नाही, माझी गोष्ट हवी होती.

कॅरमची_राणी | ५ ऑगस्ट, सकाळी ११.४५

सई, तुझं पटलं. (कॅरमबद्दल मात्र आपण नंतर बोलू.)

तळाची_काळी_रेघ | ५ ऑगस्ट, रात्री ८.२०

सई, तू लिहिलंस ते आमच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगायला हवं. मला थोडंसंच वेगळं म्हणायचंय. आपली गोष्ट खिशात ठेवायची तर आधी ती पूर्ण ओळखीची व्हावी लागते, नाहीतर ती आपोआप बाहेर येते, कधी उपमा बनून, कधी सल्ला बनून. स्वतःची थेरपी त्यासाठीच. मी पोहायचे हे माझ्या निम्म्याहून जास्त क्लायंटांना माहीत नाही. पण जे पोहणं मी कधी कुणाला सांगत नाही, त्याच्या जोरावरच मी तासभर शांत बसू शकते.

तू थेरपिस्ट बदललीस हे फार चांगलं केलंस. पुष्कळ जण एकदा जमलं नाही की थेरपीच सोडून देतात. थेरपिस्ट आणि क्लायंटचं नातं जुळणं ही अर्धी थेरपी असते.

मास्तर_कळवा | ६ ऑगस्ट, रात्री ११.००

मी इथे फक्त वाचतो, क्वचित लिहितो. कळव्यात चोवीस वर्षं मुलांना कबड्डी शिकवतोय. मातीतली कबड्डी. दुपारी चारला पाणी मारायचं, फक्कीने रेषा आखायच्या, मग मुलं येतात.

माझ्याकडे एक चढाईपटू होता. सतरा वर्षांचा, पाय असे की पकडणाऱ्यांच्या हाताला वारा लागायचा. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे. मी त्यालाच पाठवलं. नुसता बोनस आणला असता तरी बरोबरी होती. तो मध्यरेषेपासून चार पावलांवर उभा राहिला आणि हललाच नाही. 'कबड्डी कबड्डी' तोंडात चालू होतं, पाय हलत नव्हते. तीस सेकंद संपली. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आठवड्याने मी फोन केला आणि म्हणालो, "नाटकं करू नकोस, मैदानावर ये." हे माझे शब्द. नंतर कळलं, तो कितीतरी महिने नीट झोपलाच नव्हता, त्या सामन्याच्याही आधीपासून. घरी बापाचं काम सुटलेलं, आणि मुलाला कोट्यातून नोकरी लागेल या एका आशेवर घर टेकलेलं. ते ओझं घेऊन तो त्या रेषेवर उभा होता. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, कारण मी चार वर्षांत त्याला खेळाशिवाय काही विचारलंच नव्हतं. तो बारावीला बसला नाही, खेळ सुटला तो सुटलाच. आता त्याचा स्वतःचा टेंपो आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि तो वाकला की मला बोलायला सुचत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका समुपदेशक मुलीला मी दर शनिवारी मैदानावर बोलावायला लागलो. पहिले दोन महिने एकही मुलगा तिच्याशी बोलला नाही. खुर्ची टाकून बसायची, सहाला निघून जायची. मग एक दिवस तिने खुर्ची बाजूला केली आणि मुलांबरोबर पाण्याचा पाइप धरला. त्यानंतर मुलं बोलायला लागली, तिच्याकडे न बघता, पाणी मारता मारता. समोरासमोर बसून माझी पोरं बोलत नाहीत. हातात काम असलं की बोलतात.

दुर्वा, तुला हे कुणी शिकवावं लागणार नाही. आमच्यासारख्या मैदानांवर अशी माणसं पाहिजेत. बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर विपू (इथल्या विचारपुशीत निरोप) कर, मी नौपाड्यात येऊन भेटेन.

उपवनकर | ६ ऑगस्ट, रात्री ११.२०

मास्तर, नमस्कार घ्या. असं लिहायला धैर्य लागतं.

घोडबंदरवाला | ७ ऑगस्ट, सकाळी ८.१५

मास्तरांचं वाचून रात्री झोप आली नाही. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. मैदानाच्या फेऱ्यांनी मला सावरलंय, ते मी नाकारणार नाही. पण आमच्या संघातला सेटर एका हंगामानंतर यायचाच बंद झाला आणि आम्ही त्याला 'कच्चा' म्हणून मोकळे झालो. पंचवीस वर्षांत मी त्याची एकदाही चौकशी केली नाही. आज नंबर शोधतोय.

डॉ_सानपाडा | ७ ऑगस्ट, सकाळी १०.००

घोडबंदरवाला, जरूर करा फोन. आणि फेऱ्यांचंही खरं आहे. व्यायामाने सौम्य नैराश्यात फरक पडतो, आम्हीही तो सुचवतो. प्रश्न तिथे येतो, जिथे व्यायाम हीच माणसाची सगळी ओळख असते आणि तीच काढून घेतली जाते. १९९३ साली ब्रूअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर या अमेरिकन संशोधकांनी 'खेळाडू म्हणून असलेली ओळख' मोजायची प्रश्नावली केली. ही ओळख जितकी पक्की तितका सराव चांगला होतो, आणि खेळ अचानक सुटला तर पडणंही तितकंच उंचावरून. अभिनव बिंद्राने २००८च्या बीजिंग सुवर्णपदकानंतरच्या रितेपणाबद्दल स्वतः उघडपणे सांगितलंय. हरलेल्याचं सोडा, जिंकलेल्यालाही ते चुकत नाही.

आर्याची_आई | ८ ऑगस्ट, दुपारी ३.४०

माफ करा, मध्येच विचारते. माझी मुलगी १४ वर्षांची, बॅडमिंटन खेळते. गेले चार महिने सामन्याच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, हरली की रात्री जेवत नाही. तिच्या कोचनी स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टकडे न्या म्हटलंय. थेरपिस्टकडे न्यायचं की यांच्याकडे? यजमान म्हणतात वय आहे, होतं असं.

तळाची_काळी_रेघ | ८ ऑगस्ट, रात्री ९.०५

आर्याची आई, माफी कसली. स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट मुख्यतः खेळ सुधारायला मदत करतो : एकाग्रता, सामन्याआधीचं दडपण, चुकीनंतर पुढच्या गुणावर येणं. थेरपिस्ट माणसाकडे बघतो, मग ती खेळो न खेळो. काही जण दोन्ही शिकलेले असतात. जेवण सुटतंय म्हणजे मी आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून मग थेरपिस्टकडे नेईन. 'वय आहे' म्हणून चार महिने थांबलात तेवढं पुरे.

एक घरच्या घरी करा. सामन्यावरून परतताना गाडीत सामन्याचा विषय काढूच नका, तिने काढला तर ऐका. माझे बाबा तरणतलावापासून घरापर्यंत रोज वेळेबद्दल बोलायचे. प्रेमानेच बोलायचे. मी खिडकीबाहेर बघत बसायचे आणि वाशी खाडीपूल कधी आला तेही कळायचं नाही.

आणि कधी खूपच घाबरायला झालं तर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. रात्रीबेरात्री लागते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आर्याची_आई | ८ ऑगस्ट, रात्री ९.३०

गाडीतलं वाचून यजमान गप्प झाले. सोमवारची वेळ घेतली आहे. तुमचे सगळ्यांचे आभार.

मामलेदार_तिखट | ९ ऑगस्ट, सकाळी ९.००

धागाकर्ती कुठे गायब? सगळ्यांना खो देऊन स्वतः खांबाला वळसा घालून गेली वाटतं. :)

दुर्वा_ठाणे | २४ ऑगस्ट, रात्री १०.३०

आले, आले. उशीर झाला, कारण मध्ये बरंच काही झालं.

आधी सई. तुझा प्रतिसाद वाचून मला खूप राग आला होता. दोन दिवस धागा उघडला नाही. मग माझ्या थेरपिस्टबाईंना फोन केला, पाच वर्षांनी. मी विचारलं, "तुम्ही कधी खेळला होतात का?" त्या म्हणाल्या, "तू दीड वर्ष येत होतीस, तुला तेव्हा हा प्रश्न का पडला नसेल?" मी विचार करत बसले. नसेल पडला, कारण त्या तासात त्या स्वतःला मध्ये येऊच द्यायच्या नाहीत. तुला काय म्हणायचं होतं ते तेव्हा कळलं.

मास्तर, तुम्ही खरंच घरी आलात त्याबद्दल काय लिहू. बाबा तुमच्याशी दोन तास कबड्डीवरच बोलले, माझा विषय निघालाच नाही, आणि तुम्ही गेल्यावर म्हणाले, "फी किती असते विचारून ये."

गेले दोन शनिवार मी माझ्या जुन्या शाळेच्या मैदानावर जातेय. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुषांचा आणि महिलांचा दोन्ही जिंकले, तेव्हापासून तिथे मुली दुप्पट झाल्यात. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, तिचं नाव सगळ्यांना पाठ. मी नऊ वर्षांनी मैदानात पाय टाकला. एक मुलगी कमी होती म्हणून सरांनी मला पाटीवर बसवलं, धावायचं नाही या अटीवर.

खेळत असताना मला बसणं कधी आवडलंच नाही. आठ जणी बसतात, एक इकडे तोंड करून, दुसरी तिकडे, नववी धावते. बसलेलीला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. माझे पाय शिवशिवायचे, आधीच उठायचे, आमच्या संघात माझे फाउल सगळ्यात जास्त असायचे. परवा मला धावायचंच नव्हतं, म्हणून पहिल्यांदा नुसती बसले आणि मागून येणारी पावलं ऐकली. पावलांवरून कळतं हो, दमलेली कोण आहे, घाबरलेली कोण आहे, कोण मुद्दाम जोरात येतेय. इतकी वर्षं खेळून मी हे ऐकलंच नव्हतं. काळी रेघ, तुम्ही श्वासाचं लिहिलंत ना, ते मला तिथे बसून समजलं.

शेवटी एक लहान मुलगी मागे आली. हात लावला, पण 'खो' म्हणायला विसरली. मी बसूनच राहिले. ती दोन पावलं पुढे गेली, थबकली, आणि मग ओरडली.

नोकरी सोडलेली नाही. पुढच्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी सुरू केलीय, बी.ए.ची पुस्तकं माळ्यावरून काढली. ती ट्रॉफ्यांच्या गोणीखाली होती, त्यामुळे गोणीही खाली आली. आईने त्यातल्या दोन घासून कपाटावर ठेवल्या, मी हलवल्या नाहीत.

शनिवारी कलिन्याला विभागात चौकशीला जायचंय. ठाण्याहून कसं सोपं पडेल?

तळाची_काळी_रेघ | २४ ऑगस्ट, रात्री १०.४५

कुर्ल्याला उतर, पश्चिमेला बाहेर पड, तिथून बस किंवा रिक्षा. सकाळी लवकर निघ, स्टेशनबाहेर फार गर्दी होते. आणि आल्यावर मला विपू कर.

सई_घणसोली | २४ ऑगस्ट, रात्री ११.१०

मीही शनिवारी त्याच बाजूला आहे. परत येताना कुर्ल्याला थांब, चहा माझ्याकडून.